खर्जाएवढी खोली

अण्णांचे स्पीकर पुरात गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेनं आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरात खालच्या मजल्यावर छातीपर्यंत पाणी होतं. पाणी गल्लीच्या तोंडाशी आल्याचं कळलं त्या संध्याकाळी अण्णांनी एकच वस्तू स्वतःच्या हातांनी माडीवर नेली. त्यांचा तानपुरा. वय ८४, गुडघे दुखरे, तरी एकेका पायरीवर थांबत, भोपळा पोटाशी धरून ते वर चढले. मी मागून दांडी सावरत होते. स्पीकरांकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

खरं तर ते स्पीकरही त्यांनीच जीव लावून केलेले. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस हिंडून आठ इंची ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे शंकू, आणले होते, आणि गल्लीतल्या सुताराकडून सागवानी पेट्या करून घेतल्या होत्या. आतून आईच्या जुन्या गोधडीचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले. आठवड्यानं पाणी ओसरलं आणि आम्ही दार ढकललं, तेव्हा त्या पेट्या उताण्या पडल्या होत्या. कागदी शंकू लगद्यासारखे लोंबत होते, चुंबकाच्या खाचेत काळा बारीक गाळ बसला होता. मी बोट घालून तो काढायला लागले, तर अण्णा म्हणाले, "राहू दे गं. तारा बघ आधी गंजल्यात का."

पुढं दोन वर्षांनी अण्णा गेले. तानपुरा माझ्याकडं विश्रामबागेत आला आणि मुलाच्या खोलीत, मुलगा बंगळुरूला गेल्यापासून रिकाम्याच असलेल्या खोलीत, कोपऱ्यात उभा राहिला. मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा हाती आलेल्या पैशांतले काही बाजूला काढून ठेवले आणि ह्यांना सांगितलं की या खोलीत मला गाणं ऐकायचं आहे, आणि नीट ऐकायचं आहे. ह्यांनी एवढंच विचारलं, "नीट म्हणजे कसं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझं दीड वर्ष गेलं.

महागड्या स्पीकरांच्या दुकानात गेलं की तिथं वाजवण्यासाठी काही ध्वनिमुद्रणं ठरलेली असतात. एखादी घोगऱ्या आवाजाची गायिका, एक डबल बास, काच फुटल्याचा किंवा पावसाच्या थेंबांचा आवाज. त्यावर कुठलाही बरा स्पीकर थक्क करतो. पुण्यातल्या पहिल्याच दुकानात मीही थक्क झाले. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र लक्षात आलं की आपण जे ऐकलं त्यातलं एकही वाद्य आपण आयुष्यात समोर बसून ऐकलेलं नाही. मग ते खरं वाजत होतं की नुसतं सुंदर वाजत होतं, हे मी कशावरून ठरवणार? मला कानामनानं पाठ असलेला आवाज एकच आहे. पहाटे पाचला माडीवरून येणारा अण्णांच्या तानपुऱ्याचा.

अण्णा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गात. काळी एकचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झचा, आणि चौथी तार, खर्जाची, त्याच्या निम्म्यावर, ६९.३. पंचम, मग षड्जाच्या दोन तारा म्हणजे जोड, आणि खर्ज, अशा चार तारा छेडत राहिलं आणि तानपुरा खरोखर सुरात लागलेला असला, की थोड्या वेळानं एक पाचवा स्वर ऐकू यायला लागतो. गंधार. तो कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. लहानपणी अण्णा मला मांडीशी बसवून विचारत, "आला का गं?" मला यायचा नाही. मग एके दिवशी आला, आणि त्यानंतर तो कधी ऐकू आलाच नाही असं झालं नाही.

पुढं भौतिकशास्त्र शिकताना त्याचं कारण कळलं. तारेच्या मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे अंश तिच्यातून निघत असतात, आणि पाचपटीचा अंश म्हणजे गंधार. खर्जाचा गंधार ३४६ हर्ट्झच्या आसपास पडतो, जोडाचा ६९३च्या. पण हे अंश इतके भरून, इतके लखलखीत निघतात ते जवारीमुळं. तार घोडीच्या, म्हणजे तिच्याखालच्या टेकूच्या, धारेवर टेकत नाही, पसरट आणि किंचित उतरत्या पाठीवर टेकते, आणि थरथरताना त्या पाठीला पुनःपुन्हा चाटून जाते. मध्ये सुताचा दोरा सरकवला की ते चाटणं नेमकं जागेवर येतं. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथं ज्या अंशांचा निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असतो, ते अंश त्या तारेतून निघू नयेत असा जुना नियम आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवून दिलं, की तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवर्षी थोडा चढत असे.

तेव्हा ठरवलं की कुठलाही स्पीकर घ्यायचा तो त्या गंधारावरून.

भाच्याकडं चांगला रेकॉर्डर आणि दोन छोटे माइक आहेत. एका पहाटे साडेचारला आम्ही तानपुरा गच्चीवर नेला. गच्चीवर अशासाठी की तिथं भिंती नाहीत, खोलीचा स्वतःचा आवाज त्यात मिसळत नाही. तानपुरा मीच लावला. माइक चार फुटांवर. दहा मिनिटं नुसत्या तारा छेडल्या. त्या मुद्रणात शेवटी लांबून विश्रामबाग स्टेशनातून जाणाऱ्या मालगाडीची घरघर आली आहे, आणि एक कोकीळ. मग हे माइकसमोर उभे राहिले आणि हातातल्या पेपरातून हळदीचे बाजारभाव वाचले. पाच मिनिटं, रोजच्या आवाजात. तीस-पस्तीस वर्षं ऐकलेल्या आवाजात कोणी काडीइतका फरक केला तरी मला कळणार, याची मला खात्री होती.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नव्हे. १९५४ मध्ये स्पीकर बनवणाऱ्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हजारो लोकांसमोर आधी प्रत्यक्ष वाद्य आणि मग स्पीकरवर त्याचं मुद्रण, असं ऐकवलं होतं. बीबीसीचे अभियंतेही आपले मॉनिटर, म्हणजे मुद्रण पारखायचे, स्पीकर घडवताना माणसाचा बोलण्याचा आवाज हाच कसोटीचा दगड मानत. मला ते फार पटतं. माणसाच्या आवाजाला फसवता येत नाही. आपण जन्मल्या दिवसापासून तोच ऐकत असतो.

मग पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून पुणे, मुंबई, पुन्हा पुणे. दुकानदारांना आधी नवल वाटायचं. "मॅडम, हे वाजवायचंय?" हो, हेच. आणि ह्यांना स्पीकरशेजारी उभं करून तीच हळद पुन्हा वाचायला लावायची. मुंबईतल्या एका दुकानात तरुण मुलगा हे सगळं बघून पुढं आला आणि म्हणाला, मला पण ऐकू द्या. त्यानं मग दोन जोड्यांचे आवाज मीटर लावून सारखे करून दिले. हे फार मोलाचं. एक जोडी नुसती डेसिबलभर मोठी वाजली तरी कानाला ती जास्त मोकळी, जास्त जिवंत वाटते, आणि आपण त्या मोठेपणालाच दर्जा समजून बसतो. शिवाय हळू आवाजात खर्ज आधी हरवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच आग्रह धरला, की बैठकीत पहिल्या ओळीत बसल्यावर तानपुरा जेवढा ऐकू येतो तेवढाच आवाज ठेवा. कमी नको, जास्तही नको.

काय काय ऐकलं ते सगळं सांगत बसत नाही. भोंग्याचे स्पीकर ऐकले, त्यांच्यावर तबल्याची चाट अशी काही उमटते की अंग शहारावं, पण हे बोलायला लागले आणि मला वाटलं ह्यांना सर्दी झाली आहे. पुण्यात एका रसिकांच्या घरी क्वाड कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर ऐकले. पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये बाजारात आणलेली ती कल्पना अजून अचंबित करते. पेटी नाही, शंकू नाही. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधे ताणलेली झिरझिरीत फिल्म, आणि तिच्यावर हजारो व्होल्ट. त्यांच्यावर गंधार असा आला की मी डोळे मिटून घेतले. तानपुऱ्यासाठी मी त्याहून काही मागितलं नसतं. पण डग्ग्याचा घुमारा यायचा तिथं नुसती त्याची सावली आली. आणि सांगलीचा पावसाळा, भिंतींना येणारी ओल, उन्हाळ्यातली धूळ. एवढं व्होल्टेज असलेली नाजूक वस्तू मी तिथं कुठल्या भरवशावर ठेवू? ते गृहस्थ म्हणाले, "ताई, यांना पोटच्या पोरासारखं जपावं लागतं." मला ते जपणं झेपणारं नव्हतं. आजही चुटपुट आहे.

शेवटी दोन जोड्या उरल्या. एक युरोपातल्या नामांकित कंपनीचे उंच टॉवर, तीन-तीन ड्रायव्हर, बारीक स्वरांसाठी धातूचा ट्वीटर, पेटी दगडासारखी ठोस. दुसरी जोडी हार्बेथची, कॉम्पॅक्ट सेव्हन, स्टँडवर ठेवायची, जाड स्वरांसाठी आठ इंची वूफर आणि एक ट्वीटर. दिसायला अगदी अण्णांच्या पेट्यांची बहीण. हार्बेथ हे नाव कसं पडलं ते वाचलं तेव्हापासून मला त्या कंपनीविषयी माया वाटत होती. बीबीसीतून निवृत्त झालेल्या डडली हार्वुड यांनी १९७७ मध्ये ती काढली आणि स्वतःच्या नावाचा अर्धा व पत्नी एलिझाबेथच्या नावाचा शेवट जोडला. बीबीसीतलेच स्पेन्सर ह्यूज आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांच्या नावांतून तसंच स्पेंडॉर झालं. संसारातून निघालेली नावं.

त्यांच्या पेटीमागचा विचार मात्र निव्वळ शास्त्राचा. वाजताना पेटीच्या भिंतीही थरथरतात आणि स्वतःचा आवाज मिसळतात. बहुतेक कंपन्या त्यावर उपाय म्हणून भिंती जाड आणि ताठ करतात. तसं केल्यानं थरथर नाहीशी होत नाही, ती वरच्या स्वरांत सरकते, जिथं कान सगळ्यात तिखट असतो. हार्वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट केलं. पातळ प्लायवूड घेतलं, त्याला आतून डांबरी अस्तर लावलं, म्हणजे जी काही थरथर व्हायची ती खाली, मंद, लवकर विरणारी. एकदा हे समजल्यावर मला मिरजेचा तानपुरा दिसायला लागला. पंढरपूरकडच्या भोपळ्याची वाळलेली पातळ साल आणि तिच्यावर तुणाच्या लाकडाची पातळ तबली. तिथं ती थरथर हवीहवीशी असते आणि इथं नकोशी. पण दोन्हीकडं काम करणाऱ्याचं लक्ष एकाच गोष्टीवर, की लाकूड कुठं आणि किती बोलू द्यायचं.

पुण्याच्या दुकानदारांनी अनामत रक्कम ठेवून दोन्ही जोड्या पंधरा दिवसांसाठी घरी नेऊ दिल्या. हे मोठंच सौजन्य. मी उत्साहात दोन्ही मांडल्या, खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवली, तानपुरा लावला, आणि हिरमुसले. दोन्हींवर खर्ज अंगावर येत होता. प्रत्येक चौथ्या छेडीला खोलीभर हूंऽ करून काहीतरी उठायचं, खिडकीची काच बोलायची, आणि त्याखाली गंधार चिरडून जायचा. दुकानात हे नव्हतं. गच्चीवर तर नव्हतंच. खर्जाच्या तारेत मूळ स्वर तसा क्षीणच असतो, वरचे अंशच जास्त असतात. मग एवढा खर्ज येतोय कुठून? रात्री झोप लागेना. बारा वाजता उठले, फीत घेतली आणि खोली मोजली. लांबी साडेसोळा फूट, रुंदी अकरा, उंची साडेनऊ.

साडेसोळा फूट म्हणजे ५.०३ मीटर. आपल्याकडं रात्री २८ अंश तापमान असेल तर आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर. त्याला ६९.३नं भागलं. आलं ५.०२.

मी कागदावर आकडा पुन्हा मांडला, पुन्हा तेच. अण्णांच्या खर्जाचा एक तरंग जेवढा लांब, तेवढीच माझ्या मुलाची खोली. तीस वर्षं फळ्यावर अप्रगामी तरंगांच्या आकृत्या काढल्या, निस्पंद बिंदू, प्रस्पंद बिंदू, आणि आता मीच त्या आकृतीच्या आत खुर्ची टाकून बसले होते. नेमकी मध्यावर, जिथं त्या तरंगाचा दाब सर्वांत जास्त असतो. ह्यांना हाक मारून उठवलं आणि आम्ही दोघांनी रात्री साडेबाराला खुर्ची मागं सरकवली. मागच्या भिंतीपासून खोलीच्या पाव लांबीवर, सव्वाचार फुटांच्या आसपास, खर्ज पार नाहीसा झाला. तानपुरा पोकळ, वरवर वाजणारा. तिथून हळूहळू पुढं येत गेले. भिंतीपासून एक तृतीयांश लांबीवर, साडेपाच फुटांवर, खर्ज परत आला, पण आता तो तारेतून येत होता, भिंतींतून नाही. स्पीकरही समोरच्या भिंतीपासून दीड फुटांवर होते ते तीन फुटांवर ओढले. मी फरशीवर खडूनं खुणा केल्या. त्या खुणा अजून आहेत.

बाकी खोलीचं काम सोपं होतं. गुळगुळीत फरशी, नुकत्याच रंगवलेल्या भिंती, टाळी वाजवली की टर्रर असा प्रतिसाद. वॉलेस सॅबिन यांनी १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहाचा असाच आजार शोधून काढला होता. शेजारच्या थिएटरातल्या गाद्या रात्रीच्या रात्री आणायच्या, एकेक वाढवत न्यायच्या, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. आपल्याकडं गाद्यांना काय तोटा! चार कापसाच्या गाद्या भरून घेतल्या, दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या, दोन बाजूच्या भिंतींना टेकवल्या. खाली सतरंजी, मागं पुस्तकांचं कपाट. टर्रर गेली. पाच मीटरच्या तरंगाला चार इंची गादी म्हणजे काहीच नाही, त्याच्यासाठी खुर्चीच हलवावी लागते. पण वरच्या स्वरांसाठी आपली गादी झकास काम करते. तयार फोमच्या महाग पाट्या मी घेतल्या नाहीत. स्पीकरच्या तारांवरही पैसे घातले नाहीत. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर आहे, आणि माझ्या मते एवढ्या अंतराला ती पुरेपूर आहे. पैसा खोलीत घालावा आणि स्पीकरात घालावा.

आता दोन जोड्यांत निवड. इथं मला स्वतःचीच भीती वाटत होती. हार्बेथवर माझा जीव आधीच बसला होता, त्या नावापायी, त्या लाकडी पेटीपायी. कॅनडातल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून माणसांना ऐकवण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं केले. पुढं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवलं की स्पीकर नजरेसमोर असला की तेच कान वेगळा निकाल देतात. म्हणून मी अण्णांचं एक मऊ झालेलं धोतर खोलीत दोरीवर आडवं बांधलं. इतकं विरळ की आवाजाला अडवायचं नाही. त्याच्या मागं दोन्ही जोड्या, आणि वायरी बदलायला हे. मी चार दिवस ऐकलं आणि वहीत नोंदी केल्या. निकाल हार्बेथच्या बाजूनं झुकत होता, पण पेटी दिसत नसली तरी आवाज माझ्या ओळखीचा झाला होता. माझा माझ्यावर विश्वास बसेना.

त्याच आठवड्यात मिरजेहून चाचा आले. पावसाळा सरला की ते जवारी काढायला येतात, अण्णा होते तेव्हापासून. चार पिढ्यांचं त्यांच्या घरात हेच काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं. त्यांनी सतरंजीवर बैठक मारली, तानपुरा आडवा घेतला, तारा सैल केल्या आणि घोडीवर कानस फिरवायला सुरुवात केली. दोनदा कानस, फुंकर, तार चढवायची, छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा सैल. घोडीवरून उडालेली पांढरी भुकटी त्यांच्या बोटांच्या पेरांवर बसत होती. तासाभरानं चहाला थांबले, तेव्हा मी म्हटलं, "चाचा, एक ऐकाल का?"

ह्यांनी धोतरामागून पहिली जोडी लावली. चाचा कपबशी हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "ताई, जवारी लई हाय ह्यात. पन भोपळा कुठाय?"

मी काही बोलले नाही. ह्यांना खूण केली. वायरी बदलल्या, तेच मुद्रण पुन्हा पहिल्यापासून. चाचा ऐकत राहिले. बराच वेळ गप्प. मग कपबशी खाली ठेवून त्यांनी भुवया आक्रसल्या आणि विचारलं, "हे लावलंय कुनी? पंचम चढलाय जरासा."

पहिल्या वेळी ते स्पीकरविषयी बोलले होते. दुसऱ्या वेळी तानपुऱ्याविषयी. ह्यांनी धोतर बाजूला सारलं, हार्बेथ वाजत होते. चाचा उठून पुढं गेले आणि पेटीच्या अंगावर बोटाच्या पेरानं टकटक केली, वरून खाली, जसे भोपळा घेताना करतात. पांढरी भुकटी लाकडावर उमटली. "पातळ हाय," ते म्हणाले, आणि परत येऊन कानस उचलली.

ते गेल्यावर मी ते मुद्रण ट्यूनरवर तपासलं. पंचम खरंच चढा होता, बाराएक सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). त्या पहाटे मी लावलेला, आणि चार महिने प्रत्येक दुकानात तोच वाजवून मी निवाडे करत हिंडत होते.

टॉवर परत गेले. हार्बेथ राहिले. किंमत सांगायची तर माझ्या निवृत्तीच्या रकमेतला बऱ्यापैकी मोठा तुकडा, आणि मला त्यातल्या एका रुपयाचाही पश्चात्ताप नाही. ज्यांना मोठ्या खोलीत ऑर्केस्ट्रा किंवा सिनेमा ऐकायचा आहे त्यांनी ते टॉवरच घ्यावेत, त्या कामाला ते भारीच आहेत. माझी खोली खर्जाएवढीच आहे.

अण्णांच्या गाण्याची एकच कॅसेट शिल्लक आहे. १९८६च्या गणपतीत, आमच्याच माडीवरच्या बैठकीत कुणीतरी टेपरेकॉर्डर ठेवून केलेली. पुराच्या वेळी ती माझ्या कपाटात होती म्हणून वाचली. मागच्या महिन्यात भाच्यानं ती संगणकावर उतरवून दिली. लावली तर अण्णा काळी एकच्या थोडे वर गाताहेत. टेप तेव्हा जराशी मंद चालली असणार, म्हणून आता सगळं चढं येतंय. मला तो स्वर तसाच हवा होता. मुद्रणाला हात न लावता मी कोपऱ्यातला तानपुराच खुंट्या पिळून त्या सुरापर्यंत चढवला, मणी सरकवून सरकवून, पंचम दोनदा तपासून.

मग खडूच्या खुणेवर खुर्ची ठेवून बसले. टेपची सळसळ. कुणाच्या तरी हातातला स्टीलचा पेला फरशीवर टेकल्याचा आवाज. आईचा आवाज, दाराबाहेरून, "अजून चार कप टाकू का?" हे शब्द मी आजवर या कॅसेटवर कधी ऐकले नव्हते. त्यानंतर अण्णांचा षड्ज.

शेवटची सम आली, टाळ्या झाल्या, मुद्रण संपलं. मी उठले नाही. खोलीत अजून काहीतरी वाजत होतं. कोपऱ्यातल्या तानपुऱ्याला कुणी हात लावला नव्हता, पण त्याच्या तारा अण्णांच्या आवाजानं थरथरत राहिल्या होत्या, अगदी बारीक, श्वास रोखला तरच ऐकू यावं इतक्या. मी श्वास रोखून बसले. जोड होता, खर्ज होता, आणि थोड्या वेळानं गंधारही आला.